पकड : लाल मातीवरील चित्रमालिकेच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२४

कोल्हापुरातल्या तालमींमध्ये चालणाऱ्या सरावावर तैलरंगातील मोठ्या चित्रांची एक मालिका करायचे ठरवून आजपासून काम हाती घेतले. कुस्तीचे चित्र या शहराला नवे नाही. खांद्यावर गदा घेतलेल्या मल्लांच्या तसबिरी इथे घराघरांत आणि तालमींच्या भिंतींवर आहेत, आणि आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर यांच्या या गावात यथार्थदर्शी चित्रणाची परंपराही मोठी आहे. मला मात्र मल्लाचे व्यक्तिचित्र करायचे नाही. दोन शरीरे एकमेकांत गुंतल्यावर जो तिसराच आकार तयार होतो, धड एकाचा नाही आणि धड दुसऱ्याचाही नाही, तो मला रंगवायचा आहे.

आजवरची माझी चित्रे अमूर्ताच्या बाजूला झुकलेली राहिली, तरी त्यांच्या मुळाशी नेहमीच कुणीतरी माणूस होता. या मालिकेत तो माणूस किती दिसू द्यायचा आणि किती रंगात मिसळू द्यायचा, हाच कामाचा मुख्य प्रश्न आहे. आकृती पूर्ण विरघळली तर उरतो तो रंगाचा देखणा थर, आणि देखण्या थराचे मला आकर्षण उरलेले नाही. ती पूर्ण उलगडली तर पाहणारा ‘कुस्ती’ असे ओळखून पुढे सरकतो आणि चित्र पाहायचे राहूनच जाते.

१८ जानेवारी

पहाटे तालमीत गेलो. वस्तादांची परवानगी आधीच घेतली होती. “बसा की पेंटर तिथं कट्ट्यावर. चपला भाईर काढा आणि पोरांच्या मधी येऊ नका म्हंजे झालं,” एवढेच ते म्हणाले.

लहान मुलांनी आधी हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खणून काढला, माती वरखाली केली आणि मग ती सपाट ओढून घेतली. ही माती म्हणजे नुसती जमिनीतली माती नव्हे. चाळलेल्या तांबड्या मातीत काव, हळद, लिंबू, ताक, तेल आणि कापूर घालून ती मुरवलेली असते, त्यामुळे हौद्याजवळ बसले की ओलसर, आंबूस आणि किंचित औषधी असा वास येत राहतो. प्रत्येक मल्ल हौद्यात उतरताना ती कपाळाला लावतो.

लढत सुरू झाल्यावर जे पाहिले ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे काम त्यावरच उभे राहील असे वाटते. घामाने अंग निसटायला लागले की मल्ल मूठभर माती घेऊन समोरच्याच्या मानेवर, पाठीवर आणि दंडांवर टाकतो. पकड बसावी हा तिचा हेतू. थोड्याच वेळात दोघांच्या त्वचेचे मूळ रंग मातीखाली जातात आणि सावळा कोण, गोरा कोण हे सांगता येईनासे होते. माझ्यासमोर एक मल्ल हातगुडघ्यांवर होता आणि दुसरा त्याच्या पाठीवर भार देऊन, लांगेची, म्हणजे लंगोटाच्या पट्टीची, पकड घेऊन घिस्सा हा डाव मारायच्या प्रयत्नात होता. दोघांच्या पाठी, मांड्या आणि दंड एकाच तांबूस रंगाचे झाले होते. पाठीच्या मधोमध घामाने माती धुऊन निघालेली एक काळसर, चकाकती पट्टी होती आणि ती नेमकी कुणाच्या पाठीवर आहे, हे काही क्षण मला खरोखरच कळले नाही.

मॅटवरच्या कुस्तीत एकाचा पोशाख लाल आणि दुसऱ्याचा निळा असतो, कारण पंचांना गुण देण्यासाठी दोन देह वेगळे दिसावेच लागतात. मातीवर असा रंगभेद टिकत नाही. म्हणजे आकृती आणि अमूर्त यांच्यामधली जी जागा मी स्टुडिओत युक्त्याप्रयुक्त्या करून शोधत होतो, ती इथे रोज पहाटे आपोआप तयार होते.

२९ जानेवारी

कोळशाने केलेल्या रेखाटनांचा ढीग समोर पसरून बसलो. मल्ल स्थिर राहत नाहीत, त्यामुळे एका रेखाटनाला मिळतात ते जेमतेम काही श्वास. या घाईचा फायदा असा, की हात आपोआप गाळणी लावतो. बहुतेक रेखाटनांत चेहरे आलेलेच नाहीत आणि बोटेही नाहीत. उलट, खालच्या मल्लाच्या तळहातापासून खांद्यापर्यंत जाणारी ताणलेली रेघ आणि वरच्याच्या कमरेतून मातीत उतरणारा भार या दोन गोष्टी जवळजवळ सगळीकडे आहेत.

देहाची बाह्यरेषा आणि देहाच्या भाराची रेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रेखाटने पाहताना पक्के झाले. कला महाविद्यालयात आपण वर्षानुवर्षे बाह्यरेषा शिकतो. भाराची रेषा शरीराच्या आतून जाते, एका देहातून दुसऱ्यात शिरते आणि शेवटी जमिनीला टेकते. बाह्यरेषा पुसली तरी ही रेषा शाबूत असेल तर आकृती मरत नाही, असा माझा अंदाज आहे आणि मालिकेत तो कसाला लावायचा आहे.

१० फेब्रुवारी

संदर्भ म्हणून विसाव्या शतकातील ब्रिटिश चित्रकार फ्रान्सिस बेकन यांचे १९५३ मधील ‘टू फिगर्स’ हे चित्र पुन्हा काळजीपूर्वक पाहिले. त्याचा उगम कुस्तीगिरांच्या छायाचित्रांत आहे. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी माणसे आणि जनावरे यांच्या हालचालींची जी छायाचित्रे १८८७ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांत कुस्ती खेळणाऱ्या दोन पुरुषांचीही मालिका आहे. मायब्रिज यांचा हेतू हालचालीचे तुकडे पाडून ती समजून घेण्याचा होता. बेकन यांनी त्यातील एक तुकडा उचलला, दोघांना पलंगावर आणले आणि रंग असा ओढला की लढत आणि प्रणय यांच्यातली सीमा राहिली नाही.

मला त्यातून घ्यायचे आहे ते तंत्राच्या पातळीवरचे. बेकन कॅनव्हासच्या अस्तर न लावलेल्या मागच्या बाजूवर रंगवत असत. अशा कोऱ्या कापडात रंग शिरतो आणि एकदा शिरलेला फटकारा धुऊन काढता येत नाही, त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्यात जोखीम येते. त्यांच्या आकृतीभोवती मात्र पेटीसारखी रेषांची चौकट किंवा काळोखाचा पडदा असतो आणि माणूस त्यात कोंडलेला दिसतो. हौद्यातला मल्ल कोंडलेला नसतो. तो स्वतःहून मातीत उतरलेला असतो आणि भोवती त्याची माणसे बसलेली असतात. म्हणून ती चौकट मी घेणार नाही.

२६ फेब्रुवारी

आपल्याकडच्या चित्रकारांनी हा प्रश्न कसा हाताळला, याचा विचार करणे अधिक उपयोगी ठरत आहे. तैयब मेहता यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस चित्रावर तिरपी रेषा आणली आणि तिने आकृतीचे तुकडे केले, पण प्रत्येक तुकड्याची कड शेवटपर्यंत धारदार राहिली. त्यांचा पाय बांधलेला बैल किंवा कोसळणारा माणूस सपाट रंगाच्या क्षेत्रांत विभागलेला असूनही आपण त्याला क्षणात ओळखतो. इथे अमूर्तता आहे ती रचनेत.

प्रभाकर बरवे यांची वाट निराळी आहे. त्यांच्या चित्रांतील वस्तू स्पष्ट ओळखू येतात, एनॅमल रंगाच्या गुळगुळीत अवकाशात त्या सुट्या सुट्या तरंगतात, आणि अमूर्त असते ते त्या वस्तूंमधले नाते. वासुदेव गायतोंडे तर आकृती मागे सोडून पुढे गेले. रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) रंग चढवणे, उतरवणे, कागदाच्या तुकड्यांनी तो उचलणे, या पद्धतीत त्यांना जे सापडले त्याला ते ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणत्याही वस्तूवर न बेतलेले, म्हणणे पसंत करत.

या तिघांत मला बरवे सर्वांत जवळचे वाटतात आणि माझ्या या कामाला ते सर्वांत कमी उपयोगी आहेत. माझ्या विषयात वस्तू सुट्या होऊच शकत नाहीत. रंग उचलण्याची गायतोंडे यांची रीत मात्र मातीने माखलेल्या आणि घामाने धुतल्या गेलेल्या पाठीला नेमकी लागू पडेल.

९ मार्च

वस्तादांनी हौद्यातली ओंजळभर माती दिली. देताना त्यांनी ती आधी कपाळाला लावली आणि “पायाखाली येऊ देऊ नका” असे बजावले. या मातीपासून रंग तयार करण्याचे काम चालू आहे, त्याची नोंद तपशीलवार ठेवतो.

माती प्रथम बारीक चाळणीने चाळली आणि मोठ्या बादलीत भरपूर पाण्यात ढवळली. वर तेलाचा तवंग आला तो काढून टाकला. जाड रेती लगेच तळाला बसते, म्हणून थोडे थांबून वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले आणि ते स्वस्थ ठेवले. गाळ बसला की वरचे पाणी टाकायचे, नवे घालायचे, असे पाण्याचा आंबूस वास जाईपर्यंत करत राहिलो. ताक आणि लिंबाचा अंश रंगात राहिला तर पावसाळ्यात बुरशी येण्याची भीती असते. शेवटी उरलेला मऊ गाळ सावलीत वाळवला, कुटला आणि काचेच्या पाट्यावर काचेच्या बत्त्याने जवसाच्या तेलात घोटला.

घोटताना पाट्यावर जो रंग दिसला तो बाजारातल्या ट्यूबमधल्या कोणत्याही तांबड्याशी जुळत नाही. तो विटकरीपेक्षा मवाळ आणि गेरूपेक्षा राखट आहे, पातळ पसरला तर त्यातून खालचा पांढरा उजळून येतो. मातीचा आणि कावेचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, त्यामुळे उजेडात तो टिकेल. हळदीचा पिवळेपणा टिकणारा नाही, आणि रंग ठरवताना तो आज आहे असे न मानणेच योग्य. दुसरी अडचण चिकणमातीची. तिचे कण तेल फार पितात, म्हणजे हा रंग तेलकट होतो. तैलरंगात कमी तेलाचा थर खाली आणि जास्त तेलाचा वर हा नियम मोडला तर पुढे वरचा थर तडकतो. तेव्हा हा रंग खालच्या थरात वापरायचा नाही. खालचे काम ट्यूबमधल्या बर्न्ट सिएना आणि अंबर या तपकिरी रंगांत करायचे आणि तालमीतली माती सगळ्यात शेवटी, पातळ थराने लावायची. लढतीतही मल्लाच्या अंगावर ती वरूनच पडते.

२१ मार्च

पाच फूट बाय सात फुटांचा सुती कॅनव्हास स्ट्रेचरवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणून झाला. अॅक्रिलिक गेसोचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, थर दिले आणि प्रत्येक थर वाळल्यावर सँडपेपर फिरवला. डावीकडची पट्टी मुद्दाम कमी घासली आहे, तिथे कापडाचा पोत जाणवेल.

५ एप्रिल

पहिला थर आज संपला. विषय म्हणून मोळी घेतली आहे. या डावात वरचा मल्ल खालच्याची मान आणि गुडघा दोन्ही हातांच्या कडीत आणून त्याला आवळतो आणि पाठीवर लोळवतो. दोन देहांचा इतका गच्च गोळा दुसऱ्या क्वचितच एखाद्या डावात होत असेल. कलाजंगसारखा डाव, ज्यात प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर उचलून फेकतात, चित्राला फार नाट्यमय वाटतो आणि ते नाट्य पाहणाऱ्याला लगेच गोष्टीकडे नेते, म्हणून तो बाजूला ठेवला.

टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरने आधी फक्त भाराच्या रेषा काढल्या. एक रेषा वरच्या मल्लाच्या पाठीतून त्याच्या कोपरात आणि तिथून खालच्याच्या मानेत जाते, दुसरी खालच्याच्या मोकळ्या पायातून जमिनीत. देहांच्या कडा कुठेच काढल्या नाहीत. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो, त्यामुळे दोनतीन दिवसांत पुढचा थर देता येईल.

१४ मे

उन्हाळ्याने रंग भराभर वाळत आहे आणि ही वेळ ओल्या रंगात ओला रंग मिसळण्याची आहे. अमेरिकेतले चित्रकार विलेम डी कूनिंग कॅनव्हासवरचा रंग ओला राहावा म्हणून त्यावर वर्तमानपत्राचे कागद दाबून ठेवत. त्यांच्या काही चित्रांत छपाईच्या उलट्या खुणाही उतरल्या आहेत. त्याच धर्तीवर मी छपाई नसलेला न्यूजप्रिंट रात्री रंगावर टाकून ठेवतो. सकाळी कागद सोलताना रंगाचा वरचा पापुद्रा काही जागी त्याच्याबरोबर निघतो आणि खालचा गडद थर उघडा पडतो. वरच्या मल्लाच्या पाठीवर नेमके असे घडले आहे, आणि घामाने धुतलेल्या त्या काळसर पट्टीचा प्रत्यय ब्रशच्या एकाही फटकाऱ्याशिवाय आला आहे. ती जागा आता हलवायची नाही.

उजव्या वरच्या कोपऱ्यातला मोठा पिवळसर भाग मात्र अजून नुसता भराव आहे. तालमीतल्या बल्बचा उजेड एवढेच त्याचे काम असेल तर तो तिथे नको.

२० जून

पाऊस लागला. हवेतील ओलाव्याने वाळणे मंदावले आहे, पांढऱ्याचे जाड फटकारे अजून बोटाला चिकटतात. स्ट्रेचरच्या कोपऱ्यातल्या खुंट्या थोड्या ठोकून कॅनव्हास पुन्हा ताणला. पिवळसर भाग पूर्ण खरवडला आणि तिथे खालचा राखाडी गेसो तसाच ठेवला आहे. आता गोळ्याच्या वजनाला समोरून काही अडवत नाही.

१२ जुलै

घिस्सा आणि मोळीच्या रेखाटनांसाठी ज्या दोघांकडे सर्वांत जास्त पाहिले, त्यांतला एक तरुण मल्ल वस्तादांबरोबर स्टुडिओत आला. चित्राबद्दल मी काही सांगितले नव्हते. कॅनव्हासवर आज जे आहे त्यात चेहरा नाही, हाताचा पंजा नाही, पाय म्हणून बोट दाखवावे असा एकच आकार आहे आणि तोही अर्धा. वस्ताद लांब उभे राहिले, मुलगा मात्र अगदी जवळ गेला, मग मागे आला आणि म्हणाला, “मोळी हाय ही. पण वस्ताद, वरच्याचा भार पुढं पडलाय. असा असंल तर खालचा सुटतोय की.”

वस्तादांनी मान हलवली. नंतर दोघांनी माझ्यासमोर फरशीवर बसून ती पकड करून दाखवली. वरच्याची छाती प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीवर रोवलेली हवी, कंबर खाली हवी आणि भार मागच्या पायाच्या चवड्यात हवा, असे वस्ताद मुलाच्या पायाला हात लावून समजावत होते.

या भेटीने मला फार आनंद झाला, कारण जानेवारीतला अंदाज खरा ठरण्याच्या दिशेने जात आहे. बाह्यरेषा नसतानाही जाणत्या डोळ्याला डाव ओळखता आला. इतकेच नव्हे, तर तो डाव टिकणार की सुटणार हेही सांगता आले. प्रदर्शनात येणाऱ्या बहुतेकांना मोळी माहीत नसेल. तरीही भार जागच्या जागी असेल तर तो त्यांच्या स्वतःच्या पाठीला जाणवेल, असा माझा विश्वास आहे. आपण सर्वांनीच कधी ना कधी जड काहीतरी उचललेले असते.

२ ऑगस्ट

वरच्या मल्लाची कंबर सुमारे चार बोटे खाली आणली. प्रत्यक्षात म्हणजे गडद सिएनाचा एक रुंद पट्टा पॅलेट नाइफने डावीकडे आणि खाली ओढला, आणि मागच्या पायाच्या जागी, जिथे पूर्वी फिकट राखाडी होता, तिथे अंबर आणि निळा मिसळून एक आखूड, जाड फटकारा ठेवला. हा फटकारा पाय म्हणून ओळखू येत नाही, पण तो ठेवताच संपूर्ण गोळा जमिनीला टेकला. चित्राच्या दुसऱ्या कोणत्याही बदलाने इतका फरक पडला नव्हता.

२५ ऑगस्ट

सेसिली ब्राउन यांच्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा काही दिवस समोर लावून ठेवल्या आहेत. १९६९ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या आणि नव्वदच्या दशकापासून न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या या चित्रकर्तीचे मोठे प्रदर्शन २०२३ मध्ये तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात झाले. त्यांच्या चित्रासमोर आधी नुसता रंगाचा कल्लोळ दिसतो. मग एखादा गुडघा, एखादे कलिंगडासारखे लालभडक पोट, जेवणाच्या टेबलाची कड, असे एकेक उलगडत जाते आणि नजर जरा हलली की पुन्हा हरवते. आकृती पाहणाऱ्याच्या वेळेत घडते, हा त्यांच्या कामाचा मोठा गुण आहे.

तरीही त्यांच्यात आणि मला जे हवे आहे त्यात फरक आहे. त्यांच्या चित्रात नजर सगळीकडे सारख्याच उत्सुकतेने धावत राहते. मोळीच्या चित्रात तिने कुठे तरी अडकायला हवे, कारण कडी जिथे बसते ती जागा एकच असते. म्हणून मान, कोपर आणि गुडघा जिथे एकत्र येतात तेवढ्याच भागात रंग जाड ठेवला आणि बाकी सर्वत्र, कापडाचा पोत दिसेल इतका, तो पुसून काढला.

१७ सप्टेंबर

तालमीतल्या मातीचा रंग आज चढवला. जवसाच्या तेलात तो सैल केला, रुंद मऊ ब्रशने दोन्ही देहांवर एकसंध पसरला आणि मग कागदाच्या तुकड्यांनी जागोजाग उचलला. वरचा आणि खालचा मल्ल यांच्यात आतापर्यंत रंगाचा थोडा भेद होता, एक थंड तपकिरी आणि एक उष्ण. तो या थराखाली गेला. मेमधली ती काळसर पट्टी तेवढी मोकळी ठेवली आहे.

हा थर पूर्ण वाळायला वेळ लागेल आणि अखेरचे वॉर्निश त्यानंतर किमान सहा महिन्यांनी द्यायचे आहे. तोवर चित्र भिंतीकडे तोंड करून न ठेवता उजेडाच्या खोलीत ठेवायचे, कारण अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते. दुसऱ्या कॅनव्हाससाठी घिस्सा निश्चित केला आहे. त्यात भार खाली न जाता पुढे सरकतो, म्हणून तो कॅनव्हास आडवा, चार फूट बाय नऊ फुटांचा असेल. दसऱ्यानंतर कुस्त्यांची मैदाने सुरू होतील तेव्हा वस्तादांबरोबर जाऊन त्याची रेखाटने करायची आहेत. सरावात आणि हारजीत होईपर्यंत चालणाऱ्या निकाली कुस्तीत भार एकाच रीतीने पडत नाही, असे ते म्हणतात, आणि ते कागदावर तपासून पाहिल्याशिवाय कापड ताणणार नाही.